पौर्णिमा वगळता निर्व्यसनी

वर उमराव, वय तीस, उंची सहा फूट, उत्तर इंग्लंडात वडिलोपार्जित वाडा, जमीनजुमला भरपूर, सासू हयात नाही. खोट एकच: महिन्यातून एक रात्र अंगभर केस येतात आणि शेजाऱ्यांच्या मेंढ्या कमी होतात.

इंग्रजीतल्या 'हिस्टॉरिकल पॅरानॉर्मल रोमान्स'च्या दुकानात हे स्थळ पुन्हा पुन्हा सांगून येतं. नायिकेचा बाप जुगारात बुडालेला. तो लेकीला या लांडग्याच्या गळ्यात बांधतो. बापाने परस्पर लग्न ठरवलं म्हणून पहिली पन्नास पानं ती आदळआपट करते. एकावन्नाव्या पानावर नवरदेव तिला हुंगतात आणि नियतीने नेमलेली जोडीदारीण हीच, असं जाहीर करतात. झालं, राग पळाला! बापाने ठरवलं तर जुलूम, नाकाने ठरवलं तर प्रेम. मुलीला विचारलं मात्र दोघांनीही नाही.

सगळीच पुस्तकं या साच्यातली नाहीत. गेल कॅरिगरच्या २००९ च्या 'सोललेस'मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमधला लांडगा-उमराव अमानवी जिवांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचा प्रमुख आहे. म्हणजे सरकारी नोकरीसुद्धा! आपल्याकडे पत्रिका दाखवली तर मात्र गुरुजी अडतील. गुणमेलनाच्या चौदा योनींत कुत्रा, मांजर, वाघ, सिंह, एवढंच काय उंदीर-मुंगूसही आहेत, लांडगा नाही.

जुन्या काळच्या लांडग्यांना संसार एवढा लाभला नाही. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने बिस्क्लाव्रे नावाच्या सरदाराची गोष्ट लिहिली. हा आठवड्यातले तीन दिवस गायब. पौर्णिमेची वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला: कपडे उतरवून लांडगा होतो, कपडे मिळाले तरच परत माणूस. बायकोने एका जुन्या चाहत्याकरवी कपडेच पळवले आणि त्याच्याशी लग्न लावलं. पुढे राजाचा लाडका झालेल्या या लांडग्याने भर दरबारी मंडळींत तिचं नाक तोडलं; तिच्या वंशातल्या काही मुलीही म्हणे बिननाकाच्या जन्मल्या. कवयित्रीची सहानुभूती लांडग्याकडे आहे, हे विशेष.

कोर्टातले लांडगे याहून दुर्दैवी. जर्मनीत बेडबर्गला १५८९ मध्ये, लांडगा होतो या आरोपावरून, पीटर स्टुम्पचे हाल हाल करून प्राण घेतले. १६९२ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियातल्या थीस या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने न्यायाधीशांना ठणकावलं की आम्ही लांडगे म्हणजे देवाचे कुत्रे. चेटक्यांनी पळवलेलं धान्य नरकात जाऊन सोडवून आणतो. त्याला फटके आणि हद्दपारी मिळाली. पीकपाण्याची इतकी काळजी वाहणारा नवरा कादंबरीत चालत नाही. त्याला वाडा नसतो.

कादंबरीतला लांडगा 'अल्फा'च हवा, म्हणजे झुंजून कळपाचा म्होरक्या झालेला. ही कल्पना पसरायला मोठा हातभार लागला तो रुडॉल्फ शेंकेलच्या १९४७ च्या निबंधाचा, आणि त्याने पाहिलेले लांडगे पिंजऱ्यातले होते. रानातल्या कळपांचा माग काढणाऱ्या डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. थोडक्यात, अल्फा म्हणजे पोरांचा बाप. शिवाय इंग्लंडातले खरे लांडगे पंधराव्या शतकाच्या सुमारास संपले होते, तरी कादंबरीतले लांडगे १८१५ च्या नृत्यसभेत बिनदिक्कत वॉल्ट्झ नाचतात.

वाचकाने दचकायचं ते सुळ्यांना. पण त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न लागताच बायकोचे पैसे, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं होई आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. श्रीमंत बाप वकील लावून विश्वस्तांमार्फत पळवाट काढत. जुगारात बुडालेल्या बापाला वकील कुठून परवडणार? लांडगा महिन्यातून एकदा खायचा, कायदा तीसही दिवस. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क देणारा कायदा १८८२ मध्ये झाला आणि १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला. नायिकेचं लग्न त्याआधीच अडुसष्ट वर्षं लागलेलं असतं.