छत्रीमागचं शहर

डिसेंबरातल्या कोरड्या सकाळी गेटवे ऑफ इंडियासमोर कुणी मिटलेली लाल छत्री डोक्यावर उंच धरून उभा दिसला, तर त्याच्याकडे पावसाची चौकशी करू नये. ते गाइडराव. छत्रीमागे बारा-चौदा माणसं असतात. दोन जर्मन, एक ऑस्ट्रेलियन जोडपं, आणि न्यू जर्सीहून आलेलं मराठी कुटुंब, ज्यातल्या मुलांना मराठी कळतं पण ऐकू येत नाही. शिवाय एक गृहस्थ चुकून आलेले असतात; त्यांना खरं तर एलिफंटाची लाँच पकडायची असते. गाइडराव त्यांनाही सोडत नाहीत.

"एलिफंटा सोमवारी बंद असते, साहेब."

"अहो, पण आज मंगळवार आहे."

"तेच म्हणतोय. काल बंद होती, म्हणजे आज दुप्पट गर्दी. तुम्ही आमच्याबरोबर चला."

आणि साहेब चक्क जातात. गाइडरावांची अर्धी विद्या ही. उरलेली अर्धी इतिहास.

हा माणूस मुळात कोण असतो, याला ठराविक उत्तर नाही. कुणी इतिहासात बीए झालेला, कुणी चार वर्षं कॉल सेंटरला रात्रपाळी करून तिथला उच्चार घरी घेऊन आलेला, कुणी बापाची टॅक्सी चालवता चालवता इंग्रजी शिकलेला. ज्याच्याकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे, त्याच्या गळ्यातलं कार्ड फोटो बाहेर करून लटकतं. ज्याच्याकडे नाही, त्याच्याही गळ्यात कार्ड असतंच, फक्त ते कायम उलटं असतं. वारा आला की तो कार्डावर हात ठेवतो. राष्ट्रगीताला उभा राहिल्यासारखा दिसतो, पण कारण वेगळं.

गेटवेवर त्याची सुरुवात झकास होते, कारण इथला खरा इतिहासच विनोदी आहे आणि पदरचं काही घालावं लागत नाही. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथे उतरले, त्यांच्या स्वागताची ही कमान.  पण राजाराणी आले तेव्हा कमान कुठे होती? त्यांना पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवण्यात आली. जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. पाहुणे येऊन गेले, जेवून गेले, त्यानंतर तेरा वर्षांनी मांडव उभा राहिला. न्यू जर्सीचे बाबा इथे हमखास विचारतात, "कंत्राट कुणाचं होतं?" गाइडराव हसतात. रोज हसतात. ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून बोटीवर चढली, हे सांगताना मात्र ते जर्मनांकडे बघतात. त्यांना यात विशेष आनंद होतो अशी त्यांची समजूत आहे.

मग छत्री वळते ताजमहाल हॉटेलकडे आणि गाइडरावांचा आवाज खाली येतो.

"हे हॉटेल," ते म्हणतात, "उलटं बांधलंय."

सगळे वर बघतात. विलायतेतल्या बड्या वास्तुविशारदाने नकाशा पाठवला, इथल्या मजुरांनी तो उलटा धरला, साहेब बोटीने येऊन बघतो तो हॉटेलची पाठ समुद्राकडे! तो वर चढला आणि तिथून त्याने... इथे गाइडराव छत्रीचं टोक झपकन खाली आणतात. ऑस्ट्रेलियन बाई "ओह" म्हणतात. या एका "ओह"ची किंमत संध्याकाळी टिपेत दोनशे रुपये होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

आता यातलं खरं किती? गाइडरावांना ते पक्कं ठाऊक आहे, आणि त्यांच्या व्यक्तिमत्त्वातली गंमत नेमकी इथे आहे. ताजचे वास्तुविशारद विलायतेतले नव्हतेच. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच वारले, पण आजाराने. उर्वरित काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पार पाडलं आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं. तेव्हा गेटवे नव्हताच. गाड्या शहराच्या बाजूने यायच्या, दारही तिकडेच होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे, आणि समुद्राची हवा खोल्यांना मिळायची. म्हणजे उलटं काहीच नाही. शहराने नंतर कूस बदलली. हे सगळं गाइडरावांनी वाचलेलं असतं, घरी पुस्तकात पेन्सिलीने खुणाही केलेल्या असतात. पण आजाराने गेलेल्या मराठी वास्तुविशारदाला कुणी टिप देत नाही. गच्चीवरून उडी टाकणाऱ्या साहेबाला देतं.

आठवड्याचे इतर दिवस हे खपून जातं. रविवारचा हेरिटेज वॉक मात्र देशी मंडळींचा. त्यात एक तरी निवृत्त काका असतात. पांढरे बूट, पाठीला सॅक, हातात वही, आणि बरोबर काकू, ज्यांना घरी शेंगदाणे भिजत घातल्याची काळजी. काका सुरुवातीला गप्प असतात, आणि हे लक्षण वाईट. गाइडराव ताजपाशी आवाज खाली आणतात, तोच मागून येतं, "वैद्य."

"काय म्हणालात काका?"

"सीताराम खंडेराव वैद्य. वास्तुविशारद. उडी वगैरे कुणी मारलेली नाही."

"हो, तसंही एक मत आहे."

"मत नव्हे हो. आणि ट्राम बंद झाली ती ३१ मार्च १९६४ला. मघाशी तुम्ही बासष्ट म्हणालात. शेवटच्या ट्रामला मी होतो. बोरीबंदर ते दादर."

पुढचे दोन तास टूर कोण चालवतंय हे कळत नाही. छत्री गाइडरावांच्या हातात असते, पण माणसं काकांच्या मागे चालतात. खरे गाइडराव ओळखायचे ते इथे. कच्चा असेल तो चिडतो. मुरलेला असेल तो तिसऱ्या चौकात काकांना सगळ्यांसमोर विचारतो, "काका, फ्लोरा फाउंटन आधी कुठे बसवायचं होतं, तुम्हीच सांगा." काका खुलतात. राणीच्या बागेत बसवायचं होतं, हे सांगतात. मग किल्ल्याचे तट पाडले, जिथे चर्चगेट होतं तिथे १८६४ मध्ये कारंजं आलं, शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं हुतात्मा स्मारक, हे सगळं ओघाने येतं. गाइडराव सावलीला उभे राहून पाणी पितात. पगार तोच, घसा मात्र वाचला.

फोर्टात दंतकथांचं पीक बारमाही. उच्च न्यायालयाच्या दगडी भिंतीत एका डोळ्यावर पट्टी बांधून हातात तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. ते न्यायाची टिंगल करण्यासाठी एका नाराज कंत्राटदाराने कोरवून घेतलं, अशी आख्यायिका. वकिलांचा जथा बाजूने जात असेल तर गाइडराव ती कुजबुजत सांगतात, नसेल तर खणखणीत. राजाबाई टॉवरचं घड्याळ प्रेमचंद रायचंद यांच्या आईला सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून टोल देत असे, हीही कथा लाडकी, तिथे न्यू जर्सीच्या मुलाने एकदा विचारलं म्हणे, "मग त्या मोबाइलवर अलार्म का नाही लावायच्या?" मुलाच्या आईने डोळे वटारले, पण जर्मनांना प्रश्न रास्त वाटला. टॉवरचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं, ही खरी गोष्ट. ती ऐकून कुणीच "ओह" म्हणत नाही. घरबसल्या काम करणं आता सगळ्यांच्याच सवयीचं झालंय.

वॉटसन्स हॉटेलपाशी गाइडराव जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारल्याची गोष्ट सांगतात. तिला पक्का पुरावा नाही. पुरावा आहे तो याचा, की ७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे हलते चित्रपट दाखवले गेले, तिकीट एक रुपया. ज्या शहराने पुढे सगळ्या देशाला सिनेमा पाजला, त्याचा पहिला घोट इथला. आज त्या ओतीव लोखंडाच्या इमारतीकडे बघून पर्यटक विचारतात, "ही पाडणार आहेत का?" गाइडराव म्हणतात, "गेली अनेक वर्षं."

त्यांचा एक चुलतभाऊ मुंबई दर्शनच्या बसमध्ये असतो. त्याच्याकडे छत्री नाही, माइक आहे, आणि त्या माइकला शिट्टी मारायची खोड आहे. सांगली-नांदेडहून आलेली कुटुंबं, पिशवीत दशम्या, खिडकीवरून भांडण. तो "डावीकडे बघा" म्हणतो तेव्हा बस वळलेली असते. म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, नटांचे बंगले. प्रवासी सगळीकडे मान डोलावतात, पण मनात प्रश्न एकच: अंबानींचं घर कधी येणार? आलं की बसमधले सगळे मजले मोजायला लागतात आणि सत्तावीसपर्यंत कुणीच पोचत नाही, कारण मध्येच सिग्नल सुटतो.

सूर्य मावळला की मूळ गाइडराव शर्ट बदलतात. छत्री बॅगेत जाते, केसांना पाणी लागतं, आणि तेच गृहस्थ कुलाब्याचे 'पब-क्रॉल होस्ट' म्हणून उभे राहतात. सकाळची पोरं-बाळं नाहीत. आता विशी-तिशीतली मंडळी, पाठीवर सॅक, पायात नुकत्याच कॉजवेवर घेतलेल्या, उद्या तुटणाऱ्या चपला. आधी कायद्याचा तास होतो. "बिअरला एकवीस पूर्ण, व्हिस्कीला पंचवीस." एकवीस वर्षांचा डच मुलगा म्हणतो, "म्हणजे मी इथे मत द्यायच्या वयाचा आहे, पण रम प्यायच्या नाही?" गाइडराव खांदे उडवतात, सरकार निवडताना शुद्धीवर असावं लागतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. मग ते खिशातून ठेवणीतली गोष्ट काढतात. या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. त्यानुसार प्यायला परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. डच मुलगा तीन वेळा विचारून खात्री करून घेतो. नंतर प्रत्येक ग्लासाला तो "आरोग्यासाठी!" म्हणून ओरडतो, आणि ही आरोळी रात्रभर गाइडरावांच्या डोक्यात ठोके घालते.

पहिला मुक्काम लिओपोल्ड, १८७१ पासूनचा. आत भिंतीत २६ नोव्हेंबर २००८च्या गोळ्यांच्या खुणा आहेत. गाइडरावांकडे सगळ्या दगडांच्या दंतकथा आहेत, या भिंतीची एकही नाही. इथे ते फक्त तारीख सांगतात आणि बिअर मागवतात. कुणी खुणेत बोट घालून सेल्फी काढायला गेलं, तर त्याचं मनगट हळूच बाजूला करतात. या माणसाबद्दल आदर वाटावा असं हे ठिकाण.

पुढे मोंडेगार, जिथे भिंतीवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं बसलीत आणि टेबलावर अगदी त्याच नाकाची माणसं. गाइडराव दोन्हींची जोडी लावून देतात; गोव्याचे म्हणून मारिओंचा अभिमान, आणि गिऱ्हाईक हसलं म्हणून आनंद. तिसरा थांबा ताजच्या मागचं गोकुळ. इथे नाच नाही, दिवे नाहीत. उकडलेले शेंगदाणे, क्वार्टर आणि टेबलापेक्षा जास्त माणसं. पाश्चात्त्य मंडळींना हाच भाग सगळ्यात 'अस्सल' वाटतो. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनांना अस्सल म्हणजे काय ते माहीत नसतं, पण फोटोत येताना ते ग्लास जरा वर धरतात.

गाइडराव स्वतः काय पितात? व्हिस्कीच्या ग्लासात थम्स अप. शुद्धीवरचा एकटाच माणूस असल्यामुळे मोजणी त्यांच्याकडे असते. आत जाताना अकरा, बाहेर येताना दहा. अकरावा बडेमियाँच्या रांगेत सापडतो, आणि त्याच्यामागे एक बारावा, जो यांच्यात कधीच नव्हता. त्याला परत पाठवायचं कसं, या चर्चेत पंधरा मिनिटं जातात. युरोपात हा धंदा इतका माजला की प्राग शहराने २०२४च्या ऑक्टोबरात रात्री दहा ते सकाळी सहा अशा आयोजित पब-क्रॉलवर बंदीच घातली. गाइडरावांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी तिचा उपयोग जाहिरातीसाठी केला: प्रागमध्ये बंद, कुलाब्यात चालू!

फसतात ते ड्राय डेला. दोन ऑक्टोबर, आषाढी एकादशी, निवडणुकीआधीचे अठ्ठेचाळीस तास. एका गांधी जयंतीला आठ आयरिश पाहुण्यांचं बुकिंग आधीच झालं होतं, पैसे भरून. परत करणं हे गाइडरावांच्या धर्मात बसत नाही. त्यांनी दुपारी चारला सगळ्यांना धोबी तलावावर बोलावलं. १९०४ची कयानी, मावा केक, बनमस्का. मग जवळची १९१३ची ससानियन, पॅटिस, पल्लोनजीचा रासबेरी सोडा. मग तिसरी इराणी चहाची फेरी. प्रत्येक ठिकाणी गाइडराव उठून सगळ्यांना "आरोग्यासाठी!" म्हणायला लावत. आयरिश मंडळींचे ओठ सोड्याने लाल झाले, मस्क्याने हात माखले, आणि गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बावाजींनी "जास्त आवाज नको" म्हणून सांगितल्यावर ते शाळकरी मुलांसारखे गप्प बसले. रात्री आठला टूर संपली. सगळे शुद्धीवर, अकराच्या अकरा हजर, एकही हरवला नाही. मोजणी आठची असायला हवी होती, हे गाइडरावांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्या तीन जास्तीच्या माणसांनी पैसे दिले होते की नाही, हे अजून त्यांना आठवत नाही. मात्र 'ड्राय डे स्पेशल' आता त्यांच्या दरपत्रकात आहे, नेहमीपेक्षा शंभर रुपये महाग.