बलरेषांचे गुणधर्म लिहा

‘चुंबकीय बलरेषांचे गुणधर्म लिहा. (गुण ३)’ हा प्रश्न मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला, प्रश्नपत्रिकेत घातला आणि तपासला. उत्तरही एकतीस वर्षं तेच होतं. एक, बलरेषा उत्तर ध्रुवातून निघून दक्षिण ध्रुवात जातात. दोन, त्या एकमेकींना छेदत नाहीत. तीन, जिथे त्या दाट तिथे क्षेत्र तीव्र. प्रत्येकी एक गुण. मुलं हे इतकं घोकून येत, की छेदत का नाहीत असं विचारल्यावर एका मुलीनं उभं राहून सांगितलं होतं, “बाई, कारण तो त्यांचा गुणधर्म आहे.” मी तिला बसायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

प्रयोगही व्हायचा. पट्टीचुंबकावर कागद, कागदावर लोहकीस, आणि कागदाला हलकीशी टिचकी. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने (नाव लिहीत नाही, अलिबाग अजून तेवढं मोठं झालेलं नाही) टिचकीऐवजी टेबलालाच गुडघा मारला. कीस भलतीकडे पांगला. बाकीच्यांनी वहीत पुस्तकातली आकृती उतरवली, याने कागदावर दिसलं ते काढलं. वर सहामाहीच्या पेपरात चौथा गुणधर्म लिहिला: ‘टेबल हलले तर बलरेषा वेड्यावाकड्या होतात.’ मी लाल शाईने ‘अवांतर’ असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, आणि तो अर्धा गुण मला छळू लागला.

आता, नियमाने पाहिलं तर मी कापला ते बरोबरच होतं. त्या पोराने हलवला तो कीस, रेषा जागच्या जागी होत्या. पण चुंबकाच्या जागी सूर्य ठेवा आणि टेबलाच्या जागी अवकाश. मग त्याचं उत्तर बरोबर येतं आणि माझी आकृती चुकते.

या रेषा मुळात मायकेल फॅरडेच्या. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस, गणित जेमतेम. समीकरणं मांडता येईनात म्हणून तो लोहकिसाकडे बघत बसला आणि त्याला रेषा दिसल्या. पुढे मॅक्सवेलने त्या गणितात बसवल्या. पण फॅरडेचा चुंबक घट्ट होता आणि टेबल स्थिर. सूर्य घट्ट नाही. तो प्लाझ्माचा, म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेत. अशा वायूत बलरेषा अडकून बसतात, असं स्वीडनच्या हान्नेस आल्फवेनने १९४०च्या दशकात दाखवलं. गुळाच्या पाकात दोरा पडावा तसं. पाक जाईल तिकडे दोरा जातो, आणि दोरा ताणलेला असेल तर तो पाकालाही ओढतो. आल्फवेनला १९७० साली नोबेल मिळालं. आणि या अडकण्याच्या कल्पनेवर फार विसंबू नका, असंही पुढे त्यानेच बजावलं. स्वतःच्याच उत्तराला ‘अवांतर’ म्हणणारा परीक्षक मी दुसरा पाहिला नाही.

हा पाक सूर्यापाशी थांबत नाही. तो सतत बाहेर वाहतो, सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि चार-साडेचार दिवसांत आपल्यापर्यंत पोचतो. याला सौरवारा म्हणतात. हे १९५८ साली शिकागोच्या यूजीन पार्करने गणिताने मांडलं तेव्हा दोन परीक्षकांनी त्याचा लेख नापास केला. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी लेख छापला. मी हे वाचलं तेव्हा चष्मा काढून जरा वेळ पंख्याकडे बघत बसले. पटलेलं नाही, पण चूक सापडत नाही, तर गुण द्यावेत. एकतीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. पार्करचं भाग्य असं, की ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच्याच नावाचं यान सूर्याकडे झेपावलं, तेव्हा एक्याण्णव वर्षांचा तो ते पाहायला हजर होता.

वारा सरळ बाहेर जातो, पण सूर्य गोल फिरतो. आपल्याकडून पाहिलं तर सत्तावीस दिवसांत एक फेरी. त्यामुळे रेषांना दिवाळीतल्या भुईचक्रासारखा पीळ पडतो: ठिणगी सुटते सरळ, नक्षी दिसते वळणाची. पृथ्वीपाशी येईपर्यंत ही रेषा साधारण पंचेचाळीस अंशांनी तिरकी झालेली असते. ही आकृती सुबक आहे. मुलं वहीत काढतील, मी गुण देईन.

फक्त ती रेषा तशी नसते.

सूर्याच्या पृष्ठभागावर सगळा वेळ आमटीला उकळी फुटलेली असते. एकेक बुडबुडा हजारभर किलोमीटरचा, पाच-दहा मिनिटं टिकणारा. त्याहून मोठे घोळ तीसेक हजार किलोमीटरचे, दिवसभर चालणारे. रेषांची मुळं याच आमटीत रोवलेली, त्यामुळे ती सतत इकडून तिकडे ढकलली जातात. वाटेत वाराही शहाण्यासारखा वाहत नाही. भोवऱ्यात भोवरे, त्यांच्या पोटात आणखी लहान भोवरे. अशा गोंधळातून पंधरा कोटी किलोमीटर आलेली रेषा सरळ कशी राहील? ती भटकते. १९६६ पासून पुढची काही वर्षं जोकिपी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने, आधी एकट्याने आणि नंतर पार्करसोबत, या भटकण्याचा हिशोब मांडला.

भटकण्याचा हिशोब म्हटल्यावर मला आमचे हे आठवले. संध्याकाळी पाचला “कोथिंबीर घेऊन येतो” म्हणून बाहेर पडतात. बाजार सात मिनिटांवर. पण वाटेत कोण भेटेल, कुठल्या ओट्यावर बसवेल, तिथून कुठे वळतील, याला नियम नाही. फोन उचलत नाहीत. आता ते कुठे आहेत, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. किती लांब असतील, हे मात्र मी सांगू शकते, आणि त्याला विज्ञानाचा आधार आहे. कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने १९०५ साली ‘नेचर’ला पत्र लिहून हेच विचारलं होतं: एक माणूस प्रत्येक पावलानंतर वाटेल त्या दिशेला वळतो, तर अमुक पावलांनंतर तो कुठे असेल? लॉर्ड रॅलेने उत्तर कळवलं. अंतर पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकं असतं. शंभर पावलं टाकली तर निघाल्या जागेपासून दहाएक पावलांवर. म्हणजे आमचे हे चार तास भटकले, तर एका तासात गेले असते त्याच्या फक्त दुप्पट लांब असणार. रॅलेच्या उत्तरावर पिअर्सनने असा शेरा मारला, की उघड्या माळावर झिंगलेला माणूस शोधायचा तर तो निघाला तिथेच आसपास शोधावा. आमचे हे घेत नाहीत. पण निष्कर्ष लागू पडतो. कोथिंबीर न घेताच ते बहुधा पलीकडच्या पारावर सापडतात.

बलरेषेचंही असंच. एक रेषा कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण लाखभर रेषा किती पसरतील हे नीट सांगता येतं. याला शास्त्रज्ञ रेषांचं विसरण म्हणतात. पाण्यात शाई पसरते तो शब्द, मला आवडला. आणि शेजारशेजारून निघालेल्या दोन रेषा? थोडा वेळ हातात हात घालून चालतात, आणि मग पाहता पाहता इतक्या दुरावतात की एकमेकींची ओळख राहत नाही. एका बाकावरच्या दोन मुली. एक आज दुबईत आहे, एक रेवदंड्यात.

हे सगळं कागदावरचं म्हणावं, तर आकाशात त्याचा पुरावा सापडला आहे, आणि तो माझ्या माहेरच्या गल्लीसारखा आहे. तिथे आमच्या नळाला पाणी नसायचं, शेजारच्या नळाला धो धो. दोन्ही नळ हातभर अंतरावर, पण जोडलेले वेगवेगळ्या जलवाहिन्यांना. सूर्यावर एखादी छोटी ज्वाला उफाळली की वेगवान कण बलरेषा धरून निघतात. १९९७ साली सोडलेलं ‘एस’ नावाचं यान ते मोजत होतं. कण येत आहेत, येत आहेत, आणि अचानक बंद. काही तासांनी पुन्हा सुरू. २००० साली हे प्रसिद्ध झालं. सूर्यावरची ज्वाला तर मध्येच विझून पेटलेली नव्हती. यानावरून रेषांचे जुडगे वाहत जात होते. काहींचं मूळ ज्वालेत, काहींचं तिच्या शेजारी, कोरडं. शेजारी असूनही नळ कोरडा.

मग त्या कणांचं काय? हा भाग मी तीनदा वाचला. कण रेषेभोवती गिरक्या घेत तिच्यावरून पुढे जातो, अडखळतो, मागे फिरतो, पुन्हा पुढे येतो. म्हणजे कणही पिअर्सनचा माणूस, आणि तो ज्या रस्त्यावर चालतोय तो रस्ताही पिअर्सनच्या माणसानेच आखलेला. दहा हजार पावलं टाकली तर रस्त्यावरून तो शंभर पावलं सरकला. पण रस्ताच भरकटलेला, त्यामुळे त्या शंभराचे बाजूला झाले दहा. वर्गमुळाचं वर्गमूळ. इतक्या कष्टाने इतकं कमी अंतर मी फक्त पावसाळ्यात वडखळच्या रस्त्यावर पाहिलं आहे. प्रत्यक्षात कण थोडे सुटतात. शेजारच्या रेषेवर घसरतात आणि मग मागची वाट त्यांना सापडत नाही. हरवल्यामुळेच ते पुढे जातात.

‘छेदत नाहीत’ हे मात्र एवढ्या गोंधळातही टिकलं, याचं मला समाधान आहे. एका जागी होकायंत्राची सुई दोन दिशा दाखवू शकत नाही, एवढं साधं कारण. त्या मुलीला हे सांगायला हवं होतं. पण छेदत नसल्या तरी रेषा कधी कधी तुटतात आणि दुसऱ्याच रेषेच्या तुकड्याशी जुळून मोकळ्या होतात. जोडीदार बदलतात म्हणा. हे वर्गात कसं शिकवायचं, हा प्रश्न मी माझ्या नंतरच्या बाईंवर सोडला आहे.

आम्हा अलिबागकरांना उभी मुंबई भोळी समजते. ‘अलिबागसे आया है क्या’ हे आम्ही पिढ्यानपिढ्या ऐकतो. पण बलरेषांच्या बाबतीत मुंबईच आमच्याकडे आली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विद्युतप्रवाहाने सुया थरथरणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागला समुद्राकाठी नवी वेधशाळा थाटली, बांधकामात चुंबकाला ओढेल असं काही न वापरता. दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप केलं, ताळा पाहिला, आणि मग कुलाबा थांबवलं. शहराच्या गोंगाटाला कंटाळून अलिबागला जागा घेणारं पहिलं मुंबईकर बिऱ्हाड ते हेच असावं.

कुलाब्याच्या त्या जुन्या वह्यांत २ सप्टेंबर १८५९ची नोंद आहे. आदल्या दिवशी इंग्लंडात कॅरिंग्टनने सूर्यावर ज्वाला पाहिली, आणि कुलाब्याची सुई सोळाशे नॅनोटेस्लाने घसरली. एरवी सूर्याकडून इथवर पोचणारं क्षेत्र असतं पाचेक नॅनोटेस्ला. आपल्या पायाखालचं पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या कित्येक हजार पट. म्हणजे कुजबुज ऐकण्यासाठी बसवलेल्या माणसाच्या कानाशी कुणी ताशा बडवावा. बरोबर त्याच तारखेला, २ सप्टेंबर २०२३ला, आपलं ‘आदित्य एल-१’ उडालं. आज ते पृथ्वीच्या या ताशापासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून वरून वाहत जाणाऱ्या रेषा मोजतं. त्याचा चुंबकमापक सहा मीटर लांब दांड्यावर बसवला आहे, यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा उपद्रव नको म्हणून. मूस साहेबांनी ओळखलं असतं. हे त्यांचंच अलिबाग.

परवा बंदराकडे मासळी आणायला गेले. (ह्यांना पाठवण्यात अर्थ नव्हता.) तो तिथे जाळं विणत बसला होता, मागच्या बाकावरचा. केस पिकलेत. मांडीवर नायलॉनच्या दोऱ्याचा केवढा तरी गुंता, आणि तो न बघता एकेक दोरा सोडवत होता. “बाई, बसा,” म्हणाला आणि उलटी टोपली पुढे सरकवली. मी बसले आणि त्याला सगळं सांगितलं: सूर्य, आमटी, भुईचक्र, भटकणाऱ्या रेषा. त्याने हात न थांबवता ऐकलं. शेवटी मी म्हटलं, “तेव्हा अर्धा गुण कापला होता तुझा. चुकलंच माझं. तुझं उत्तर बरोबर होतं.”

त्याने एक गाठ दाताने सोडवली.

“राहू द्या, बाई,” तो म्हणाला. “मी इंग्रजीत गेलो होतो.”