बिनपगारी निवडकर्ता

हिंगोली–नांदेड रस्त्यावरच्या कळमनुरीत भारतीय क्रिकेट संघाची निवड दिवसातून दोनदा होते. पहिली बैठक सकाळी भरते. तोवर हॉटेलातल्या एकुलत्या एका पेपराची पानं सुटी होऊन टेबलाटेबलांवर गेलेली असतात आणि खेळाचं पान सगळ्यांत आधी चहात भिजलेलं असतं. दुसरी बैठक रात्री, मॅच संपल्यावर, पानटपरीपाशी. अध्यक्ष दोन्हीकडे एकच. त्याचं वय पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत काहीही असू शकतं. तो कृषी सेवा केंद्र चालवत असेल, शाळेत शिकवत असेल, मोंढ्यात हळदीची अडत बघत असेल किंवा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला असेल. शिक्षक असला तर तो 'सर', आणि आकडेवारीवर शेवटचा शब्द त्याचा. वयानं मोठा असला तर 'मामा', आणि गावसकरबद्दल दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. वानखेडे स्टेडियम इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे आणि तो तिथं कधी गेलेला नाही, पण तिथल्या पिचवर दव पडल्यावर चेंडू कसा येतो हे त्याला विचारावं लागत नाही, तो आपणहून सांगतो. "ह्याला कशाला खेळवायलेत?" हा त्याचा पिढीजात प्रश्न. खेळाडू बदलतात, कप्तान बदलतात, बोर्डाचे अध्यक्ष बदलतात. प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही.

अशा माणसाची टवाळी करणं सोपं आहे. बॅट धरून जमाना झाला, नियम अर्धवट ठाऊक, बोर्ड सरकारी आहे असा पक्का समज, आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. यातलं काहीही मी नाकारत नाही. तरीही माझं म्हणणं असं की व्यावसायिक क्रिकेट आज ज्या रीतीनं चालतं, त्यात फुकट होणारी तपासणी एवढी एकच उरली आहे. हिशेब बघा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना गेले. सामने ४१० धरले तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात आणि एका चेंडूला साधारण ४९ लाख. एवढे पैसे मोजणाऱ्या कंपन्यांच्या हाती काय लागतं? खेळाडू त्यांचे नाहीत, मैदान त्यांचं नाही, करंडकही त्यांचा नाही. त्यांच्या हाती लागतो तो कळमनुरीतला हा माणूस, दोन षटकांच्या मध्ये वेलचीच्या नावानं भलतंच काही सुचवणाऱ्या जाहिरातीसमोर मुकाट बसलेला. बाजारात विकला जातो तो तोच, आणि विक्रीच्या मालानं तोंड उघडावं हे व्यापाऱ्याला कधीच आवडत नाही. शिवाय २०२५ च्या ऑगस्टपर्यंत हाच माणूस फँटसी टीम लावायला स्वतःच्या खिशातून ४९ रुपये वेगळे घालत होता. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा झाला, भारतीय संघाच्या जर्सीवरचा प्रायोजक रातोरात गेला, आणि आशिया चषकात आपले खेळाडू कोऱ्या छातीनं उतरले. त्या कोऱ्या जर्सीकडे बघून इथं जे समाधान व्यक्त झालं, त्यात देशभक्तीइतकाच बुडालेल्या ४९ रुपयांचाही वाटा होता.

आता या माणसाला विचारण्याची जागा कुठं आहे ते शोधू. गावातल्या नालीचं टेंडर कुणाला आणि कितीला गेलं हे दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. मधल्या फळीतला एखादा फलंदाज कुणाच्या सांगण्यावरून गेला हे कितीही रुपयांच्या अर्जावर मागता येत नाही. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला, पण माहितीचा अधिकार लागू ठेवला तो सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरता, आणि क्रिकेट बोर्डाला सरकारच्या पैशाची गरज कधीचीच उरलेली नाही. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं होतं, तेही हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून झालेल्या क्रिकेटच्याच खटल्यात. त्या न्यायानं लहरींवर कळमनुरीचाही हक्क आहे. त्या लहरींवरून काय यावं आणि कुणी बोलावं हे मात्र दुसरेच ठरवतात. २०२० मध्ये संजय मांजरेकरांना बोर्डाच्या समालोचकांच्या यादीतून वगळण्यात आलं. पानटपरीच्या अध्यक्षाला असं वगळता येत नाही, कारण त्याला कुणी नेमलेलंच नाही.

पण त्याचे प्रश्न तरी प्रश्न म्हणून बरे असतात का? मला वाटतं, उत्तरांपेक्षा कितीतरी बरे असतात. ९ मार्च २०२५ ला रोहित शर्मानं दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकून दिला, अंतिम सामन्यात ७६ धावा केल्या, आणि ऑक्टोबरात एकदिवसीय संघाची कप्तानी शुभमन गिलकडे गेली. तीन प्रकारांना तीन कप्तान ठेवणं व्यवहार्य नाही, असं निवडसमितीचे अध्यक्ष अजित आगरकर म्हणाले. त्यावर पानटपरीचा शेरा: "कप आणला म्हणून कप्तानी काढायलेत, हरून आला असता तर राहिली असती का?" तर्क वाकडा आहे खरा, पण यश हा निकष नसेल तर निकष कोणता, हा त्याच्या पोटातला प्रश्न सरळ आहे. पुढे रोहितनं सिडनीत नाबाद १२१ धावा केल्या आणि मालिकावीर ठरला, तेव्हा कळमनुरीत जणू स्वतःचीच निवड सार्थ झाल्यासारखं वातावरण होतं. ती मालिका आपण हरलो होतो, हा तपशील कुणी काढला नाही. नोव्हेंबरात कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ धावा करायच्या होत्या आणि आपण ९३ वर आटोपलो. पिच आम्हाला हवी होती तशीच मिळाली, असं प्रशिक्षक गौतम गंभीर म्हणाले. काळ्या रानात ज्याचा जन्म गेला, भेग पडली की खाली ओल किती आहे हे ज्याला टाचेनं कळतं, त्या माणसासमोर हे विधान करणं धाडसाचंच. "मग मागितलीच कशाला?" एवढंच तो म्हणाला. आशिया चषकाचंही तसंच. १४ सप्टेंबरला दुबईत पाकिस्तानशी खेळून हस्तांदोलन टाळलं गेलं, २८ तारखेला जिंकलेला करंडक आशियाई क्रिकेट परिषदेचे पाकिस्तानी अध्यक्ष मोहसिन नक्वी यांच्या हातून घेतला गेला नाही. "हात मिळवायचा नव्हता तर खेळायला गेले कशाला, आन् खेळलेच तर हात का नाही?" परराष्ट्र खात्यापासून स्टुडिओतल्या तज्ज्ञांपर्यंत या दोन वाक्यांना एकाच वेळी उत्तर कुणी दिलेलं नाही. सामना अर्थातच त्यानं शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिला. आयपीएलच्या लिलावाच्या बाबतीत तर त्याची पद्धत थेट मोंढ्यातली आहे, जिथं हळदीचा भाव ढिगावर कुणी करत नाही, क्विंटलवर करतात. ऋषभ पंतला २०२५ च्या हंगामासाठी २७ कोटी, हंगामात धावा २६९, म्हणजे धावेला दहा लाख. पंतच्या कुठल्याही लांबलचक मुलाखतीपेक्षा हा भागाकार मला जास्त माहितीपूर्ण वाटतो. रणजीत चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार मिळतात, हे 'सर' त्यात जोडतात, आणि मग चार दिवस उन्हात उभं राहून मिळणाऱ्या रकमेची तुलना पंतच्या पाव धावेशी होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो चंचलपणाचा. संघ ऑस्ट्रेलियाचा दौरा हरला तेव्हा रोहित आणि कोहलीला घरी बसवा म्हणून ओरडणारा हाच. मे २०२५ मध्ये दोघे पाच दिवसांच्या अंतरानं कसोटीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना घालवलं कुणी म्हणून विचारणाराही हाच. आक्षेप खरा आहे. पण ज्यांना पगार मिळतो त्यांची स्थिरता तपासून पाहू. वर्षानुवर्षं मोठ्या खेळाडूंना रणजी टाळू दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पराभवाच्या धक्क्यानं देशांतर्गत क्रिकेट सक्तीचं झालं. रोहित मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध ३ आणि २८ करून परतला, मुंबई हरली. कोहली दिल्लीत रेल्वेविरुद्ध ६ धावांवर त्रिफळाचीत झाला. धोरण निकालाच्या मागे धावत असेल, तर प्रेक्षकानंच का थांबावं? दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: हरलं की "फिक्स होती" म्हणून मोकळं व्हायचं. यात आळस आहे हे उघड आहे. मात्र संशय त्याच्या डोक्यात आपोआप उगवलेला नाही. २०१३ च्या आयपीएल सट्टेबाजी प्रकरणावरून चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन हंगाम बाहेर होते, ते न्यायमूर्ती लोढांच्या समितीनं केलं. गंमत पुढेच आहे. बंदी संपवून २०१८ मध्ये चेन्नई परतली आणि जिंकली, तेव्हा पिवळे टी-शर्ट घालून नाचणाऱ्यांत फिक्सिंगचे सगळे जाणकार हजर होते. त्याचा संशय संस्थेवर असतो आणि जीव धोनीवर. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, याचा खुलासा मला देता येत नाही.

क्रिकेटखेरीज त्याला काही दिसत नाही, हा आक्षेप मी फारसा खोडणार नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मराठवाड्याचाच, त्यानं राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणलं, तरी त्याच्या नावानं इथं रात्री शटर थांबत नाही. बायकांचं क्रिकेट ३० ऑक्टोबर २०२५ पर्यंत जवळपास अस्तित्वातच नव्हतं. त्या रात्री जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, आणि सकाळच्या बैठकीत ठराव झाला की स्पर्धेत मधेच तिला एका सामन्याला बसवणं ही घोडचूक होती. ती बसली होती हे ठराव मांडणाऱ्याला आदल्या रात्रीच समालोचनातून कळलं होतं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक आला आणि सांगलीची स्मृती मानधना 'आपली' झाली. उशीर झाला, पण दहा वर्षं स्पर्धा लपवून दाखवणाऱ्या वाहिन्यांच्या मानानं फार नाही. कुस्तीत मात्र तो जागा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं निकालावर चिडून पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. इथला निवाडा असा झाला की लाथ चुकली, पण रिप्ले दाखवायला काय हरकत होती? अनेक अग्रलेखांना हे दोन भाग वेगळे करता आले नव्हते.

एका गोष्टीत मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. २०२४ च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सची कप्तानी मिळाली या एका गुन्ह्यासाठी हार्दिक पंड्याची मैदानामैदानांवर हुर्यो झाली आणि त्यात मोबाइलवरून याचाही आवाज होता. जूनअखेर त्याच हार्दिकनं विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकलं, आणि जुलैत वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. माफी कुणी मागितली नाही. निर्णय संघमालकांचा आणि शिवी खेळाडूला, हा पत्ता चुकलेला राग आहे. मालकाचा चेहरा पडद्यावर दिसतो, पण तो बाद होत नाही, ही अडचण मान्य. म्हणून सापडेल त्याला झोडपणं काही तपासणी ठरत नाही. आणि या प्रेमाची किंमत व्यवस्था काय लावते तेही बंगळुरूत दिसलं. थांबून थांबून अठराव्या हंगामात आयपीएलचा करंडक आला, आणि दुसऱ्या दिवशी, ४ जून २०२५ ला, स्टेडियमच्या दारात अकरा जण चेंगरून गेले. कळमनुरीत त्या दिवशी निवड झाली नाही.

शेवटी रणजी. इथं त्याची स्थिती खरोखर अवघड आहे. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना. एक राज्य एक मत हा लोढा समितीचा आग्रह २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सैल केला आणि मतंही तीन राहिली. कळमनुरी येते पुण्याच्या संघटनेत. पुण्याच्या महाराष्ट्र संघानं रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०–४१ मध्ये, दि. ब. देवधर कप्तान असताना; तेव्हा कळमनुरी निजामाच्या राज्यात होती. तालुक्याच्या हद्दीवर पैनगंगा आहे, आणि पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. त्या विदर्भानं २०१७–१८ पासून आठ वर्षांत तीनदा रणजी जिंकली. "इसापूरचं धरण दोघांचं, मग कप एकट्या नागपूरचा कसा?" हा अध्यक्षांचा युक्तिवाद. त्यावर कुणी म्हणालं की धरणाचं पाणी वेगळं आणि खेळाडूंची नोंदणी वेगळी, तर पुरावा तयार असतो: २०२४–२५ च्या विजेत्या संघात ८६३ धावा करणारा करुण नायर कुठला होता? तो बंगळुरूचा. कर्नाटकचा माणूस विदर्भाचा होऊ शकतो, तर नदीच्या अलीकडचा का नाही? पुढच्याच हंगामात नायर कर्नाटकाकडे परत गेला. हा मुद्दा समितीनं अजून पटलावर घेतलेला नाही.