उडून गेलेल्या गोष्टी

अमेरिकेतल्या मराठी घरात बासुंदीचा बेत ठरला की दुकानातून एव्हॅपोरेटेड मिल्कचे डबे येतात. नावावर विश्वास ठेवायचा तर डबा रिकामाच निघायला हवा. दूध उडून गेलं, मग विकता काय? उडालेलं असतं ते दुधातलं साठेक टक्के पाणी. दूध बिचारं जागच्या जागी असतं. मेयेनबर्ग नावाच्या एका स्विस माणसाच्या खटपटीतून १८८५ मध्ये इलिनॉयमधल्या हायलँड गावी असं बिनसाखरेचं, टिकाऊ दूध करणारा कारखाना निघाला. त्याआधी आणि त्यानंतरही आपल्याकडच्या आज्या हेच काम कढईपुढे उभ्या राहून करत आल्या. त्याला त्या दूध आटवणं म्हणत. गेलं त्याचा उल्लेखही नाही.

इंग्रजीत मात्र सगळं लक्ष गेलेल्याकडे. बाजार कोसळला की लोकांची बचत ‘इव्हॅपोरेट’ होते. निवडणूक उलटली की पाठिंबा होतो, प्रश्नपत्रिका हातात पडली की आत्मविश्वास. ऐकायला फार सभ्य वाटतं. कुणी काही घेतलं नाही, कुणी लबाडी केली नाही. ऊन होतं, उडालं. आपल्याकडे पैसे बुडतात, आणि बुडाले म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, ‘बुडवले कुणी?’ बाष्पीभवनात आरोपीच नसतो. ही सोय ज्याने पहिल्यांदा हेरली तो नक्की हिशेबनीस असणार.

पण पाणी उडतं म्हणजे संपत नाही. नाथसागरावरून मे महिन्यात उडालेलं पाणी पुन्हा पैठणवरच पडेल याची हमी कुणी देणार नाही, पण कुठे ना कुठे ते पडतंच. उडालेल्या पैशांचाही असाच कुठेतरी पाऊस पडत असणार. आपलं छप्पर त्या पट्ट्यात येत नाही, एवढंच. या बाबतीत स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले प्रामाणिक. लाकडी पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के माल हवेत जातो, त्याला ते ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. गोदामात माल कमी भरला तर आपण उंदरांचं नाव घेतो, ते थेट स्वर्गाकडे बोट दाखवतात.

खरं बाष्पीभवन जाताना उष्णताही घेऊन जातं, म्हणून तर माठ झिरपतो आणि पाणी गार होतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७५८ मध्ये केंब्रिजमध्ये जॉन हॅडली यांच्यासोबत तापमापीचा गोळा ईथरने पुन्हापुन्हा भिजवला आणि भात्याने वारा घातला. उबदार खोलीत पारा उणे चौदा सेल्सियसपर्यंत उतरला, गोळ्यावर बर्फ चढलं. असा माणूस भर उन्हाळ्यात गोठवून मारता येईल, असा निष्कर्षही फ्रँकलिनने काढून ठेवला. (शास्त्रज्ञांना अशा वेळी माणूसच का आठवतो, कोण जाणे.) उडालेल्या पैशांकडून अशा गारव्याची अपेक्षा करू नये. ते मागे राहिलेल्याचं डोकं तापवून जातात.

जपानी लोक तर हा शब्द माणसांनाच लावतात. कर्जाला किंवा नामुष्कीला कंटाळून जे रातोरात घरदार सोडून बेपत्ता होतात, ते ‘जोहात्सु’, म्हणजे बाष्पीभवन झालेले. शोहेई इमामुरा यांनी १९६७ मध्ये त्यावर चित्रपट केला. अंधारात सामान हलवून देणारे व्यावसायिकही तिथे आहेत.

आपल्याकडे एवढी तयारी लागत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘पुढच्या वर्षी खजिनदार कोण होणार?’ एवढं विचारलं तरी पुरतं. तिथे भौतिकशास्त्राचे नियम तंतोतंत पाळले जातात. चर्चा तापली की वेग वाढतो, पंखे जोरात असतील तर आणखी वाढतो, आणि खुर्च्या ऐसपैस पसरून मांडल्या असतील तर चहा येण्याआधीच सभागृह कोरडं. म्हणून जाणते सचिव वडे नेहमी शेवटच्या ठरावानंतर वाटतात.