नवा ट्रक, जड स्टेअरिंग : नवशिक्या मालकासाठी वॉरंटी-मार्गदर्शिका

अभिनंदन! कळव्यात दारात ट्रक मावत नाही, म्हणून तो खारेगावात रस्त्याकडेला उभा आहे. हार घालून झाला, नारळ फुटला, लिंबू-मिरची टांगली, पहिला हप्ताही कापला गेला. आता भिवंडीच्या गोदामातून माल भरून मुंब्रा बायपासला लागलात आणि लक्षात आलं की गाडी तुमचं ऐकण्याआधी स्वतःचं मत मांडते. स्टेअरिंग सरळ धरलंय आणि गाडी मात्र डावीकडे सरकतेय. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा. गाडी सरळ होईलच असं नाही, पण तुम्ही नक्की व्हाल.

पायरी १ : दुखणं कुठलं ते ठरवा

'स्टेअरिंग बरोबर नाही' ही तक्रार नव्हे, तो नुसता सुस्कारा झाला. स्टेअरिंगची दुखणी ढोबळमानाने चार.

ओढ : गाडी एका बाजूला खेचते. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोषी टायर. तिथेच राहिली तर अलाइनमेंट, ब्रेक किंवा पुढचा अ‍ॅक्सल.

प्ले : स्टेअरिंग फिरतं, चाकं नंतर विचार करतात. पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर किंग पिन किंवा हबचं बेअरिंग; डावी-उजवीकडे हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉडचे एंड. चाक गप्प राहिलं तर चाकं जमिनीवर ठेवा, क्लीनरला स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून ड्रॅग लिंक आणि स्टेअरिंग बॉक्सकडे बघा. जो सांधा उगाच नाचतो, तो तुमचा.

जडपणा : पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलची पातळी, ऑइलात अडकलेली हवा, पंप, किंवा ग्रीसविना कोरडी पडलेली किंग पिन.

थरथर : ठराविक वेगाला हातात लागते आणि वेग बदलला की जाते. बहुतेकदा चाकांचं बॅलन्सिंग.

टायरवरून हात फिरवायलाही विसरू नका. नक्षीच्या कडा एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने धारदार लागल्या, तर टो-इन चुकलंय आणि गाडी टायर खातेय. टायर सहसा गाडीच्या वॉरंटीत येत नाहीत. म्हणजे तपासणीची तारीख मिळेपर्यंत टायर तुमच्या खर्चाने झिजत राहतील.

पायरी २ : जॉब कार्ड लिहून घ्या

नवशिक्याला वाटतं की वर्कशॉप गाडी दुरुस्त करतं. वर्कशॉप जॉब कार्ड दुरुस्त करतं. त्यावर जे लिहिलं तेवढंच घडलं. बाकी सगळं तुमच्या मनाचे खेळ.

तुम्ही पाच मिनिटं दुखणं समजावून सांगाल. काउंटरवरचा माणूस मान डोलावत टाइप करेल : 'जनरल चेकअप'. त्याच क्षणी हात जोडून म्हणा, "साहेब, माझ्याच शब्दांत लिहा." मग सांगा : 'गाडी रिकामी असो वा भरलेली, ताशी ५० च्या वर डावीकडे ओढते. टायर अदलाबदल करून पाहिले, फरक नाही.' किलोमीटर, तारीख, सही, शिक्का. प्रत घरी न्या आणि देव्हाऱ्याजवळ ठेवा. तिथे ठेवलेलं सहसा कोणी हलवत नाही.

एकच दुखणं घेऊन तिसऱ्यांदा गेलात तर 'हीच तक्रार पूर्वीही नोंदवली आहे' हे वाक्य जुन्या तारखांसकट लिहून घ्या. ते लिहिताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रथमच काळजी दिसेल. ती गाडीची नसते.

पायरी ३ : पाच उत्तरं पाठ करा

"शेठ, नवी गाडी आहे, सेट व्हायला वेळ लागतो." इंजिन सेट होतं, लग्न सेट होतं. टाय रॉडचा खिळखिळा एंड सेट होत नाही.

"रस्त्याला उतार आहे." यात तथ्य आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे ढाळ देतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे किंचित डावी ओढ कुठल्याही गाडीला असते. पण ढाळ सगळ्यांना सारखाच. शेजारून जाणारा दहा वर्षांचा ट्रक सरळ चाललाय, हे नम्रपणे दाखवा.

"ओव्हरलोड केली असेल." वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवा. पुढच्या अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा २०१८ साली ६ टनांवरून ७ टन झाली. पावती त्याच्या आत असली की हा विषय मिटतो. मर्यादेबाहेर असली तर ही पायरी मनातल्या मनात वाचा.

"बॉडी बाहेरून बांधलीत ना?" बॉडी चॅसिसवर बसते, ड्रॅग लिंकवर नाही.

"ड्रायव्हर कसा चालवतो?" ड्रायव्हर तुम्हीच असाल तर क्षणभर शांतता पाळा.

पायरी ४ : ट्रायल

सुपरवायझर रिकामी गाडी घेऊन गुळगुळीत रस्त्यावर ३० च्या वेगाने जाईल, दोन बोटांनी स्टेअरिंग धरेल आणि म्हणेल, "मक्खन!" ३० ला सगळ्याच गाड्या मक्खन असतात. ज्या वेगाला, ज्या वजनाला आणि ज्या रस्त्याला दुखणं येतं, तिथेच ट्रायल मागा. विटाव्याच्या पुलाखालच्या कोंडीत अडकून परत येणं याला ट्रायल म्हणत नाहीत.

पायरी ५ : पार्टची वाट पाहणे

'पार्ट मागवलाय' हे वाक्य काळाच्या पलीकडचं आहे. मागणीचा नंबर आणि तारीख घ्या. दरम्यान गाडी उभी, हप्ता चालू. वॉरंटीची पुस्तिका उघडा : बुडालेलं भाडं, चुकलेली फेरी, क्लीनरचा पगार, यांतलं काहीही सहसा वॉरंटीत बसत नाही. बारीक अक्षरांत कंपनीने काय द्यायचं नाही ते मोजून लिहिलेलं असतं. ते वाचण्यासाठी एवढा निवांत वेळ पुन्हा मिळणार नाही.

पायरी ६ : आयोगाची पायरी

एवढं होऊनही गाडी डावीकडेच निघाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवा. पुढे ग्राहक आयोग. इथे पहिला प्रश्न येईल : तुम्ही ग्राहक आहात का? ट्रक धंद्यासाठी घेतलाय ना? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात देऊन ठेवलंय, आणि उदाहरणही ट्रकचंच दिलंय. पोटापाण्यासाठी स्वतः ट्रक चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. एखाद-दुसरा मदतनीस असला म्हणून बिघडत नाही. ट्रक दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी बसणाऱ्याला मात्र हे कवच नाही.

२०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी कुठल्याही राज्यातली असो, कळवेकराला ठाण्याचाच आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. २० लाखांवरच्या गाडीला फी १००० रुपये. मुदत दोन वर्षांची. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. मात्र 'गाडीच बदलून द्या' म्हणताना जपून. एका मोटारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटलं की भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलायला लावू नये. तेव्हा भाग, दुरुस्ती आणि भरपाई स्वतंत्रपणे मागा. पुरावा म्हणून काय जोडायचं, ते देव्हाऱ्याजवळ आहे.

पायरी ७ : गाडी ताब्यात घेणे

एक दिवस फोन येईल : "शेठ, झाली गाडी." गेट पास घेण्याआधी बदललेल्या भागाचं नाव, नंबर आणि तारीख कार्डावर लिहून घ्या आणि अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा. बायपासवरून एक फेरी मारा. गाडी सरळ गेली तर सही करा.

बसवलेल्या नव्या भागाची वॉरंटी सहसा गाडीच्या उरलेल्या वॉरंटीइतकीच असते. म्हणजे मुदत संपेल त्या दिवशी तो भाग चार दिवसांचा असला, तरी कागदावर म्हातारा. म्हणून मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी, काहीही दुखत नसताना, गाडी एकदा तपासायला न्या. काउंटरवरचा माणूस विचारेल, "तक्रार काय?" या एका वेळी त्याला खुशाल 'जनरल चेकअप' लिहू द्या.