स्क्रू की डिंक?

नाना आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी उतरला तो लोखंडी व्हाइस. देव त्याच्यानंतर उतरले. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला हा माणूस निवृत्त झाला असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात फक्त कारखाना बदलला. आता त्यात बाहत्तर फ्लॅट आहेत.

नानांच्या लेखी जगात दोनच जाती: स्क्रूने जोडलेली आणि डिंकाने चिकटवलेली. मिक्सर असो, मोबाइल असो, मेहुणा असो. स्क्रूवाला उघडता येतो, आत काय अडकलंय ते दिसतं, साफ करून परत लावता येतो. डिंकवाला उघडायला गेलं की फुटतो. भाचीला सांगून आलेल्या मुलाला भेटून आल्यावर नानांनी निकाल दिला होता, "पगार आहे, फ्लॅट आहे, दिसायलाही बरा आहे. पण डिंक आहे." लग्न तिथंच मोडलं. भाची अजून नानांना धन्यवाद देते आणि तिची आई अजून बोलत नाही.

माईंचं, म्हणजे नानांच्या मंडळींचं, म्हणणं असं, की घरातली एकच वस्तू यांनी कधी उघडली नाही. मी बोलत असताना यांचं तोंड.

अशा माणसाच्या सोसायटीत तलाव साफ करणारा रोबो यावा हा योग होता. तलाव झाडणारा पोरगा गावी गेला तो परत आलाच नाही, म्हणून कमिटीने सव्वा लाखाचं यंत्र घेतलं. मुलांनी त्याचं नाव कासव ठेवलं. दिसायलाही तसंच: पोटाखाली ब्रश, दोन्ही बाजूंना रबरी पट्टे, पाठीवर पाण्याचा फवारा सोडणारं भोक आणि मागे अठरा मीटरची निळी वायर. नाना पहिल्या दिवशी काठावर उकिडवे बसून दोन तास बघत राहिले. कासव तळ झाडत भिंतीपर्यंत गेलं आणि सरळ भिंत चढायला लागलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, "जादू नाही. खालून पाणी ओढतंय, वरून फेकतंय. फेकल्याचा धक्का उलटा बसतो, तो त्याला भिंतीला दाबून धरतो. पंप गेला की हे भिंत विसरणार."

हे वाक्य मी सेक्रेटरी या नात्याने वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या फाटकावर नानांची पाटी लागली: 'यंत्रास वायरने ओढून बाहेर काढू नये. आपणांस कोणी आतड्याने ओढल्यास कसे वाटेल?' खाली बारीक अक्षरात: 'यंत्र पाण्याबाहेर चालवू नये. पाणी हेच त्याचे तेल व तेच त्याचा पंखा.' त्याखाली आणखी बारीक: 'काम झाल्यावर क्लोरिनमध्ये मुक्कामास ठेवू नये. रबराची वाट लागते.' वॉचमनमामांनी पाटी आदराने वाचली आणि त्याच संध्याकाळी कासव वायरने ओढून काढलं. पाण्याने भरलेलं ते धूड वर खेचायला दुसरं हातात काय येतं, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

चार वर्षं बरी गेली. मधे एकदा पट्टा तुटला, दोनदा ब्रश झिजले. ते सगळं बाहेरचं, स्क्रूचं काम. नानांनी पंधरा मिनिटांत बदललं आणि यंत्राच्या घराण्याचं कौतुक केलं. मग एका मार्चमध्ये कासव भिंत विसरलं. तळावर हिंडायचं झोकात, पण मागे कचरा तसाच. खजिनदारबाई म्हणाल्या, "म्हणजे फिरतंय सगळीकडे, उचलत काहीच नाही. कमिटीत घ्या त्याला."

कंपनीचा मुलगा आला. त्याने कासव उलटं केलं, सुलटं केलं, एक फोटो काढला आणि सांगितलं, "मोटर युनिट गेलं. सीलबंद असतं काका, उघडत नाही. पूर्ण बदलावं लागेल. बासष्ट हजार."

"उघडत नाही," नानांनी विचारलं, "की तू उघडत नाहीस?"

पोरगा हसला. त्याची चूक नव्हती. या यंत्रांत मोटारी एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवतात आणि वरून राळेसारखं काहीतरी ओततात. ते सुकून दगड होतं. पाण्यात चालणाऱ्या विजेच्या वस्तूला हे कवच लागतंच, हे नानांनाही मान्य. त्यांचा राग निराळा होता. "अहो सेक्रेटरी, पाणी आत जाऊ नये म्हणून दार बंद केलं, ठीक. पण पाणी गेलंच ना आत? आता मलाच तेवढी बंदी?"

पुढचे अकरा दिवस नानांच्या बाल्कनीतून जळक्या राळेचा वास येत होता. हीटगनने गरम करायचं, पटाशीने शेंगदाण्याएवढा तुकडा काढायचा, चहा प्यायचा. एखाद्या मूर्तीवरचा शेंदूर उतरवावा तसं ते चाललं होतं. बाराव्या दिवशी मला बोलावणं आलं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर मोटर, हातात भिंग. करंगळीपेक्षा बारीक शाफ्ट आणि त्याच्याभोवती काळ्या रबराचं कडं. "हा सील. याचा ओठ शाफ्टला टेकून असतो, पाणी अडवतो. इथं बघा." ओठाच्या मुळाशी काहीतरी गुंडाळलेलं होतं. नानांनी चिमट्याने धरून सोडवायला सुरुवात केली. ते सुटतच गेलं. हातभर झालं तेव्हा मला कळलं, तो केस होता. मेंदी लावलेला.

"शाफ्ट फिरतो तसा हा घट्ट होत जातो. करवतीसारखा रबर कापतो. कापला की थेंब आत, थेंब आत गेला की बेअरिंग गंजतं, बेअरिंग गंजलं की बासष्ट हजार." नानांनी तो केस पाकिटात घालून वर तारीख लिहिली. "केस हाती आलीय, सेक्रेटरी. आता आरोपी शोधा."

सोसायटीत मेंदी लावणाऱ्या अकरा जणी आणि तीन जण आहेत. त्या आठवड्यात तलावावर कोणी फिरकलं नाही. टोपी न घालता पोहणाऱ्यांत आमच्या घरातलंही एक माणूस असल्यामुळे हा तपास मी पुढे नेला नाही.

सील नाना पेठेत मिळाला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, चाळीस रुपयांना. नाना पेठेत नाना जातात ते माहेरी गेल्यासारखे. दुकानदार चहा सांगतो. बेअरिंगवर 608 लिहिलेलं होतं. हा आकडा वाचून नानांचा चेहरा शाळासोबती भेटल्यासारखा झाला. "पोरांच्या स्केटिंगच्या चाकात असतं तेच! म्हणजे आत सगळं आपल्या ओळखीचं, आणि बाहेर लिहितात 'आत वापरकर्त्याने दुरुस्त करण्यासारखे काही नाही'."

सर्वसाधारण सभेत नवीन यंत्र घ्यावं की नाही हा विषय होता. नाना उभे राहिले ते थेट फ्रान्सला पोचले. तिथे 2021 पासून काही वस्तूंवर दुकानातच दहापैकी गुण छापावे लागतात, ही वस्तू कितपत दुरुस्त होईल याचे. लॅपटॉपला गुण, गवत कापायच्या यंत्रालाही गुण. "गवताला कायदा आहे, पाण्याला नाही!" नाना गरजले. मग ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे 1974 मध्ये फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनिअरने 'क्रीपी क्रॉली' काढला. तलावाच्याच पंपाच्या ओढीवर चालणारा. वायर नाही, मोटर नाही, हलणारा भाग म्हणाल तर आत टकटक करणारी एक झडप. "एक! बिघडून बिघडणार काय?" कुणीतरी म्हणालं, की तो भिंतही चढायचा का? नाना क्षणभर थांबले. "चढायचा. त्याच्या मर्जीने."

आपल्याकडेही सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, हे सांगायला नाना वळले तोवर लोक पोह्यांकडे वळले होते.

कासव चाललं. नानांनी राळ परत ओतली नाही. झाकणाला ओ-रिंग लावून सहा स्क्रू बसवले, स्टेनलेसचे. पहिल्या दिवशी वॉचमनमामांनी नारळ फोडला. भिंत चढलं, अर्धी. मग थांबलं, विचार केला आणि खाली उतरलं. एवढंच, की आता ते डावीकडे वळत नाही. सगळा तलाव उजव्या बाजूने प्रदक्षिणा घालत झाडतं. त्यामुळे पायऱ्यांखालचा एक कोपरा कायम राहतो. नानांना विचारलं तर म्हणतात, देवळातही तसंच असतं.

कमिटीने तरीही बहुमताने नवीन यंत्र घेतलं. बिनवायरचं, लिथियम बॅटरीवर चालणारं. काल खोकं आलं. मी खाली गेलो तेव्हा नाना क्लब हाउसच्या फरशीवर मांडी घालून बसले होते, मांडीवर यंत्र उताणं. अजून पाणी त्याला लागलं नव्हतं.

"वायर नाही म्हणजे ओढायची भीती नाही," मी म्हटलं.

"हो. पण बॅटरी म्हातारी झाली की?" नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बघा, चार स्क्रू आहेत. तीन कोनांचे. याचा पाना आपल्याकडे नाही, पण तो होईल. पाचवा सापडत नाही. पाचवा असणार."

मी वाकून पाहिलं. मधोमध एक चंदेरी स्टिकर होतं: उघडल्यास वॉरंटी रद्द. नानांच्या अंगठ्याचं नख त्याच्या एका कोपऱ्याखाली आधीच गेलेलं होतं.