दोरावर चढलेलं पॅरिस

मेक्सिकोत राहून पॅरिस पाहायचं असेल तर युकातानमधलं मेरिदा गाठावं. तिथला ‘पासेओ दे मोन्तेहो’ हा रस्ता शाँझेलिझेवरून बेतलेला आहे. आम्ही शाँझेलिझे पाहिलेला नसल्यामुळे तो हुबेहूब वाटला.

रुंद रस्ता, दुतर्फा झाडं आणि झाडांआड महाल. 1911 मध्ये पुरा झालेला पालासिओ कांतोन तर केकवाल्याने महिन्याभराचं आयसिंग एकाच ऑर्डरीवर संपवावं तसा नटलेला.

“एवढा पैसा आला कुठून?” हिने विचारलं.

“घायपातातून.”

हिचा विश्वास बसेना. पण खरंच! आपण बांधावर गुरं अडवायला लावतो त्या घायपाताच्याच भावकीतलं हेनेकेन इथे मैलोन्‌मैल लावलं होतं. जहाजांना दोर हवेत, अमेरिकेतल्या कापणीयंत्रांना पेंढ्या बांधायला सुतळी हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाले गब्बर झाले. पानं कापायला कर्जात जखडलेले माया मजूर होते. त्या दोराने पेंढ्यांबरोबर माणसंही बांधली गेली.

मुख्य चौकाकडे निघालो. मेरिदात रस्त्यांना नुसते आकडे: सम उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. “मारुतीच्या देवळासमोरचा बोळ” असल्या पत्त्यांवर वाढलेला माणूस इथे गणितात नापास होतो. तरी पोचलो. कॅथीड्रल 1598 मध्ये पुरं झालेलं. दगड मात्र पाडलेल्या माया मंदिरांचे. शेजारच्या बाजूला 1549 चा मोन्तेहोवाडा. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी स्पॅनिश शिपाई पराभूतांच्या मुंडक्यांवर पाय रोवून उभे.

“पाहुण्यांना दारातच कल्पना दिलेली बरी,” ही म्हणाली.

संध्याकाळी पासेओच्या उत्तर टोकाला मातृभूमीचं स्मारक पाहिलं. कोलंबियाच्या रोमुलो रोसो याने दगडात अख्खा मेक्सिकोचा इतिहास कोरलाय. 1956 मध्ये ते पूर्ण झालं. रस्त्यावर कुरकुरीत सुरळीत किसलेलं डच चीज भरून मिळणारी मार्केसिता घेतली.

हिने खाता खाता हिशेब मांडला. “रस्त्याचं नाव स्पॅनिश सरदाराचं, ऐट फ्रान्सची, कांतोनच्या महालाचा वास्तुकार इटलीचा, शिल्पकार कोलंबियाचा, चीज हॉलंडचं.”

“मग माया लोकांचं काय?”

“घाम,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातली उरलेली मार्केसिता काढून घेतली.